क्लाउडच्या सगळ्या किल्ल्या एकाच मुलाकडे आहेत आणि तो महिनाअखेरीस चाललाय

बिल्टीवाली
नमस्कार मंडळी. नागपूरजवळ वाडीला आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. बाबांनी सुरू केलेलं, आता मी बघते. बिल्ट्या, गाड्यांचं लोकेशन, डिझेलचा हिशोब, पीओडीचे (माल पोचल्याच्या पावतीचे) फोटो, सगळं आमच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरवर आहे आणि ते ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनवर चालतं. एका मुलानं एकट्यानं हे उभं केलं. गुणी मुलगा. त्याला पुण्यात चांगली नोकरी लागली, महिनाअखेरीस जातोय.

काल बिल पाहायला म्हणून लॉगिन करायला गेले तर कळलं की मला लॉगिनच नाही. मूळ अकाउंट त्याच्या स्वतःच्या जीमेलवर, कोड त्याच्या मोबाइलवर. ऑफिसमधले आणखी दोघं जण त्यानं बनवून दिलेला एकच यूजर वापरतात, त्याचा पासवर्ड प्रिंटरवर चिकटवलेला आहे. ॲप बनवून देणाऱ्या बाहेरच्या माणसालाही एक ‘की’ दिली होती म्हणे. कोणती, ते कुणाला आठवत नाही.

मुलावर माझा काडीचाही संशय नाही. पण उद्या त्याचा फोन हरवला तर आमच्या चाळीस गाड्यांच्या कारभाराचं काय, ह्या विचारानं रात्री झोप लागली नाही. सात जणांचं ऑफिस आहे. कुणाला किती अधिकार द्यायचे, आणि जाणाऱ्याकडून ते परत कसे घ्यायचे?

तर्रीपोहा
ताई, बाकी सगळं नंतर. तो नागपुरात आहे तोवर त्याला शेजारी बसवा आणि रूट अकाउंटचा ईमेल बदलून घ्या. आजच. उद्यावर ढकलू नका.

जुना_सिसॅडमिन
तर्रीपोहा यांना अनुमोदन, थोडं सविस्तर लिहितो.

ज्या ईमेलवर एडब्ल्यूएसचं अकाउंट उघडलं तो रूट यूजर. त्याला काहीही करता येतं, अगदी अकाउंट बंदसुद्धा. आणि आतली कुठलीही साधी पॉलिसी (अधिकारांचा नियम) लिहून त्याचे हात बांधता येत नाहीत. म्हणून तो कुणा एका माणसाच्या नावावर नसावा. तुमच्या कंपनीच्या डोमेनवर एक ईमेल बनवा, जो तुम्ही आणि बाबा दोघंही वाचू शकाल. रूटचा ईमेल तो करा, आणि पासवर्ड बदला. अकाउंटवरचा मोबाइल नंबर वेगळा बदलावा लागतो, तो लोक हमखास विसरतात. त्याच्या फोनमधला एमएफए (पासवर्डच्या जोडीला लागणारा कोड) काढा, तुमचा लावा. रूटच्या नावानं एखादी ॲक्सेस की (प्रोग्रामला आत शिरायला लागणारी किल्ली) बनलेली असेल तर ती उडवा, रूटला की हवीच कशाला?

एमएफए एकच लावून थांबू नका. एडब्ल्यूएसमध्ये एका यूजरला आठ डिव्हाइसपर्यंत जोडता येतात. एक तुमच्या फोनमध्ये आणि दुसरी यूएसबीची सिक्युरिटी की, जिथे गाड्यांची आरसी-बुकं ठेवता त्या कपाटात. ह्यानंतर रूटनं रोज लॉगिन करणं बंद. रोजच्या कामासाठी प्रत्येकाचा स्वतःचा वेगळा यूजर.

मिहानवरून
मला वाटतं हा गुंता सोडवत बसण्यापेक्षा नवीन अकाउंट कंपनीच्या नावानं उघडा आणि सगळं तिकडे हलवा. जुन्यात काय काय दडलंय कुणाला ठाऊक.

जुना_सिसॅडमिन
मिहानवरून, मोठ्या कंपनीत हात भरपूर असतात, तिथे हे पटतं. इथे ज्याला सगळं माहीत आहे तोच चाललाय. डेटाबेस, पीओडीचे वर्षानुवर्षांचे फोटो, ॲपमध्ये लिहिलेले पत्ते, हे सगळं महिनाभरात हलवताना एक धागा जरी तुटला तर गाडी नाक्यावर उभी राहील. आधी ताबा घ्या. हलवायचं की नाही ते सहा महिन्यांनी ठरवा.

मेघा_लक्ष्मीनगर
मी क्लाउडवरच काम करते. ताईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग, कुणाला किती, त्यावर बोलते.

आयएएम म्हणजे कुणाला काय करता येईल हे ठरवणारी एडब्ल्यूएसमधली व्यवस्था. तिचा नियम एका गोदामासारखा आहे. सुरुवातीला सगळी दारं बंद. तुम्ही ज्याला जे दार उघडून द्याल तेवढंच त्याला उघडतं. आणि कुठेही स्पष्ट ‘नाही’ लिहिलं असेल तर दहा ठिकाणी ‘हो’ लिहिलेलं असलं तरी ‘नाही’च चालतं. एवढं डोक्यात बसलं की अर्धी पॉलिसी समजली.

आता माणसं मोजू नका, कामं मोजा. तुमच्याकडे सर्व्हर सांभाळणारा एक, बिल बघणारा एक, पीओडीचे फोटो बघणारे तीन-चार. म्हणजे तीन ग्रुप. अधिकार ग्रुपला द्या आणि माणसाला ग्रुपमध्ये टाका. उद्या नवीन मुलगा आला तर त्याच्यासाठी कागद नव्यानं मांडायला नको, आणि कुणी गेलं तर ग्रुपमधून काढलं की झालं. रोल पाहून अधिकार द्यायचा हा विचार नवा नाही, अमेरिकेच्या निस्ट संस्थेतल्या फेरायोलो आणि कून यांनी १९९२ मध्येच तो मांडला होता. कामापुरताच अधिकार द्यावा हे तर साल्टझर आणि श्रोडर १९७५ मध्ये लिहून गेले.

सीए_इतवारी
माझ्या अनुभवाची एक गोष्ट. माझ्या एका क्लायंटकडे मला जीएसटीसाठी क्लाउडची इन्व्हॉइस लागायची. त्यांनी काय करावं? मला पूर्ण ॲडमिन देऊन टाकलं. मी आठ दिवस घाबरून लॉगिनच केलं नाही, चुकून काही दाबलं गेलं तर! आणि गंमत बघा, ॲडमिन असूनही बिलाचं पान उघडेना. नंतर कळलं की आयएएम यूजरला बिल दिसू द्यायचं की नाही ही परवानगी रूटनं एकदा वेगळी चालू करावी लागते. ती केली, मला फक्त बिल पाहण्याचा अधिकार ठेवला, बाकी काढून घेतला. त्या दिवसापासून मी निर्धास्त आहे.

तर बिल्टीवाली, तुमच्या अकाउंटंटला कमी अधिकार दिला म्हणून त्याला वाईट वाटेल असं समजू नका. कमी अधिकार असणं हे त्याच्यासाठीही संरक्षण आहे.

धरमपेठकर
माफ करा, पण सात माणसांच्या ऑफिसला एवढं सगळं लागतं का? ग्रुप, पॉलिसी, कपाटातली चावी. एक चांगला लांब पासवर्ड, एमएफए, आणि विश्वासातली दोन माणसं. आमचं दुकान असंच चालून राहिलं इतकी वर्षं.

परसोडीचा_रवी
धरमपेठकर भाऊ, राग मानू नका, पण २०१४ ची कोड स्पेसेसची गोष्ट सांगतो. लहान कंपनी, इतरांचा कोड सांभाळायची. एडब्ल्यूएसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कुणीतरी बाहेरचा शिरला, खंडणी मागितली. त्यांनी पासवर्ड बदलायला सुरुवात केली तोवर त्यानं आधीच आपले वेगळे यूजर बनवून ठेवले होते. त्यानं मशिनी, डेटा आणि बॅकअपसुद्धा उडवला, कारण बॅकअपही त्याच पॅनेलमधून पुसता येत होता. बारा तासांत सगळा खेळ संपला. कंपनी बंद पडली.

लहान कंपनीलाच हे जास्त लागतं भाऊ. मोठी कंपनी मार खाऊन पुन्हा उभी राहते. २०१९ मध्ये कॅपिटल वनसारख्या बँकेचं झालं, एका फायरवॉलला दिलेला रोल, म्हणजे अधिकारांचा गठ्ठा, गरजेपेक्षा मोठा होता, त्यातून अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. बँक आजही आहे. वाडीचं ऑफिस तेवढं सोसू शकेल का?

धरमपेठकर
बॅकअपचं ऐकून पोटात गोळा आला. आमचा बॅकअप त्याच अकाउंटात आहे. आज संध्याकाळीच बघतो.

मेघा_लक्ष्मीनगर
बघाच. बॅकअप वेगळ्या अकाउंटात ठेवा, आणि रोजचं काम करणाऱ्या यूजरला तिथे पुसण्याचा अधिकार देऊ नका.

बिल्टीवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी त्याला बसवतेय. एक शंका, पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावू का सगळ्यांना? आमच्या ओळखीतले एक जण म्हणाले, तसाच नियम असतो.

संत्रानगरी
आमच्या ऑफिसात दर ९० दिवसांनी बदलायला लावतात. परिणाम काय, सगळे जण महिन्याचं नाव आणि साल लिहितात. मे संपला की जून.

जुना_सिसॅडमिन
म्हणूनच निस्टनं २०१७ च्या मार्गदर्शनात ठराविक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं. फुटल्याची शंका आली तर लगेच बदला, नाहीतर लांब ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा आणि जोडीला एमएफए. ॲक्सेस कीचं मात्र उलट आहे. ती कोडमध्ये पडून राहते, माणूस तिला विसरतो. ती बदलत राहायला हवी. एका यूजरला दोन की ठेवता येतात त्या ह्यासाठीच: नवी बनवा, सगळीकडे लावा, जुनी इनॲक्टिव्ह करा, दोन दिवस बघा, मग डिलीट करा.

आणि एसएमएसच्या ओटीपीवर फार भिस्त ठेवू नका. तुमच्या नंबरचं सिम दुसऱ्याच कुणीतरी काढून घेण्याचे प्रकार होतात. ॲपमधला सहा आकडी कोड किंवा सिक्युरिटी की बरी.

पुणेकर_सध्या
मूळचा सक्करदऱ्याचा, सध्या पुण्यात. ताई, मी त्या मुलाच्या जागी होतो म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी नागपूरची एक कंपनी सोडली. माझा ॲक्सेस कुणी काढलाच नाही. वर्षभरानं त्यांचा सर्व्हर पडला तेव्हा पहिला फोन मला. मी घाबरलो ते दुसऱ्याच कारणानं: ह्या वर्षभरात तिथे काही गडबड झाली असती तर बोट कुणाकडे गेलं असतं? माझ्याकडेच ना. मीच विनवणी करून माझा यूजर बंद करायला लावला.

शेवटच्या दिवशी त्याच्यासमोर सगळं बंद करा आणि काय काय बंद केलं त्याची यादी त्याला ईमेल करा. तो तुमचे आभार मानेल. आणि फक्त एडब्ल्यूएसचं लॉगिन बंद करून थांबू नका. सर्व्हरवर त्याची एसएसएच की (थेट सर्व्हरमध्ये शिरायची किल्ली) असेल, ती ऑथोराइज्ड कीज फाइलमध्ये बसलेली असते, आयएएमला तिचा पत्ताही नसतो. डेटाबेसचा पासवर्ड. डोमेन जिथून घेतलं ते लॉगिन. प्ले स्टोअरचं कन्सोल. गिटहबचा रेपो, म्हणजे कोड जिथे ठेवलाय ती जागा. हे राहून गेलं की पुढचं दार बंद आणि मागचं सताड उघडं.

परसोडीचा_रवी
लाख बोललात. त्यात एक भर: कुणी कायमच्या कीऐवजी रोल घेऊन आत बसला असेल तर त्याची तात्पुरती परवानगी मुदत संपेपर्यंत जिवंत राहते. साधारण एक तास असते, पण १२ तासांपर्यंत वाढवलेली असू शकते. रोलच्या पानावर चालू सेशन रद्द करायची सोय आहे, ती वापरा.

गूगलवाला_मानेवाडा
आमचं गूगल क्लाउडवर आहे, रोग तोच. तिथे ओनर, एडिटर, व्ह्यूअर असे तीन ढोबळ रोल मिळतात आणि सगळेजण घाईत एडिटर देऊन मोकळे होतात. एडिटरला प्रोजेक्टमधलं जवळजवळ सगळं बदलता-पुसता येतं. नेमके छोटे रोल शोधायला अर्धा तास जातो, तो घालवा. आणि सर्व्हिस अकाउंटच्या (प्रोग्रामसाठीच्या खात्याच्या) जेसन फाइल्स, ज्यांत त्याची किल्ली असते, व्हॉट्सॲपवर पाठवू नका हो. आमच्या ग्रुपवर दोन वर्षांपूर्वीची अजून पडली आहे, ह्या धाग्यामुळे आत्ता आठवलं. बंद करून येतो.

तर्रीपोहा
हा धागा वाचून वाडी, मानेवाडा, धरमपेठ सगळीकडे कुलपं बदलून राहिले लोक! छान वाटून राहिलं वाचून.

बिल्टीवाली
शनिवारचा वृत्तांत. लांब आहे, पण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलं, तर काय घडलं ते सांगायलाच हवं.

सकाळी दहाला बसलो, दुपारी चारला उठलो. रूटचा ईमेल बदलला, नव्या पत्त्यावर कोड आला. मोबाइल नंबर बदलला. एमएफए बाबांच्या फोनवरही लावायचं ठरलं होतं, पण ते काही केल्या लागेना. ॲप कोड दाखवतं, आम्ही लागोपाठ दोन कोड टाकतो, एडब्ल्यूएस नाही म्हणतं. पाच-सहा वेळा झालं. मग त्या मुलाचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं आणि तो म्हणाला, काका, तुमच्या फोनमध्ये पाच मिनिटं जास्त का? बाबा आयुष्यभर घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवतात, गाडी उशिरा सुटू नये म्हणून. फोनचंही तसंच करून ठेवलेलं. कोड दर ३० सेकंदांनी फोनच्या घड्याळावरून बनतो, तर तो जुळणार कसा! वेळ ऑटोमॅटिकवर टाकली, पहिल्या फटक्यात लागला. बाबांना मात्र ते रुचलेलं नाही, आता मनगटावरचं घड्याळ पुढे ठेवलंय.

मग की शोधायला घेतल्या. पाच निघाल्या. यादीत प्रत्येक की शेवटची कधी वापरली ते दिसतं. तीन तर दोन वर्षांत कुणी वापरल्या नव्हत्या. एक ॲपवाल्याची. पाचवी त्या मुलानं सुरुवातीला चाचणीसाठी बनवलेली, त्याच्या मते मेलेली. पण तिच्यापुढे त्याच दिवशी सकाळची वेळ! आमच्या दोघांच्याही छातीत धस्स झालं. अधिकार बघितले तर ॲडमिन.

जुना_सिसॅडमिन काकांनी सांगितलं होतं, आधी इनॲक्टिव्ह करा, डिलीट नको. तसंच केलं. वीस मिनिटांनी ऑफिसचा फोन वाजला. धर्मकाट्यावरचा माणूस. “मॅडम, वजनाची पावती चढून नाही राहिली.” धर्मकाट्याच्या जुन्या पीसीवर पावतीचा फोटो अपलोड करणारी छोटी स्क्रिप्ट होती, तिच्यात ही की लिहिलेली. चार वर्षं तिथे रोज पन्नास लोक ये-जा करतात, पीसीला पासवर्ड नाही, आणि त्यात आमच्या सगळ्या कारभाराची ॲडमिन की उघडी पडलेली. मुलाचे डोळे भरून आले. मी म्हटलं, अरे, तू होतास म्हणून तर आज ती सापडली.

पुणेकर_सध्या
अंगावर काटा आला वाचून. वेळेत सापडली.

जुना_सिसॅडमिन
ताई, फार चांगलं काम केलंत. आता मागे वळून बघायचं एक काम उरलं: गेल्या ९० दिवसांत त्या कीनं काय काय केलं ते क्लाउडट्रेलच्या, म्हणजे एडब्ल्यूएसच्या नोंदवहीच्या, इव्हेंट हिस्टरीत दिसेल. धर्मकाट्याच्या आयपीखेरीज (इंटरनेटवरच्या पत्त्याखेरीज) दुसरीकडून वापर दिसतो का ते बघा. फोटो चढवल्याची नोंद तिथे येत नाही, पण कुणी नवा यूजर बनवला, मशीन चालू केलं असलं तर येईल. आणि पुढच्यासाठी ट्रेल चालू करून लॉग (ह्या नोंदी) बकेटमध्ये, म्हणजे फाइली साठवायच्या जागेत, साठवा. सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय, घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायलाही. ९० दिवसांच्या हिस्टरीवर ते भागत नाही.

बिल्टीवाली
बघितलं काका. मुलानं आणि मी दोघांनी मिळून रात्री बसून. बाहेरचं काही नाही. ट्रेल चालू केला.

आता धर्मकाट्याचं काय करू? मेघा ताई, तुम्ही रोल म्हणता, पण तो पीसी क्लाउडबाहेरचा आहे, त्याला रोल कसा लावायचा?

मेघा_लक्ष्मीनगर
बाहेरच्या मशीनसाठी आयएएम रोल्स एनीव्हेअर आहे, पण त्याला सर्टिफिकेटची व्यवस्था लागते. एका पीसीसाठी मी आत्ता ते सुचवणार नाही. फक्त धर्मकाट्यासाठी एक वेगळा यूजर बनवा, त्याला एकच अधिकार: त्या एका बकेटमधल्या ‘काटा-पावती’ फोल्डरमध्ये फाइल टाकणे. वाचणं नाही, पुसणं नाही, यादी बघणं नाही. त्या बकेटवर व्हर्जनिंग चालू करा, म्हणजे कुणी त्याच नावाची फाइल वरून टाकली तरी जुनी राहील. ब्रॉडबँडचा आयपी कायम असेल तर फक्त त्याच आयपीवरून चालेल अशी अटही घाला. आयपी बदलत असेल तर ही अट घालू नका, नाहीतर दर दोन दिवसांनी काट्यावरून फोन येईल.

आणि ड्रायव्हरांच्या ॲपमध्ये की लिहिलेली असेल तर ती ह्याच आठवड्यात काढा. ॲप उलगडून की वाचणं अवघड नाही. ॲपनं तुमच्या सर्व्हरकडे लॉगिन करावं आणि फोटो चढवण्यापुरती काही मिनिटांची प्रीसाइन्ड लिंक घ्यावी.

धरमपेठकर
माझाही अहवाल देऊन टाकतो. आमच्याकडे सोडून गेलेल्या तिघांचे यूजर चालू होते. त्यातले एक काका तर आता घरी नातवंडं सांभाळतात. तिघांचे बंद केले, बॅकअप वेगळ्या अकाउंटात टाकला. सात माणसांना हे लागतं का, असं मी विचारलं होतं. लागतं.

बिल्टीवाली
शेवटचं अपडेट. काल त्याचा आमच्याकडचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सहाला त्यानं स्वतःच्या हातानं सर्व्हरवरची आपली एसएसएच की काढली, मग मी त्याचा यूजर बंद केला. पुणेकर_सध्या यांनी सांगितल्याप्रमाणे यादी करून त्याला ईमेल केली, तेरा ओळी झाल्या. बाबांनी त्याला संत्रा बर्फीचे दोन डबे दिले आणि डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर त्यानं माझ्याच लॅपटॉपवर काट्याची नवी की टाकून एक जुनी पावती उघडून बघितली. ॲक्सेस डिनाइड. मग एक नवी चढवली, ती चढली. काट्यावरच्या माणसाला फोन करून विचारलं, तो म्हणाला, “चढून राहिली मॅडम, बरोबर चढून राहिली.”

सिक्युरिटी की आरसी-बुकांच्या कपाटात ठेवली आहे. कपाटाची एक किल्ली बाबांकडे, एक माझ्याकडे.